आकाशांतील खाणी आणि त्यांचा उतारा

आकाशांत लोखंडाच्या, सोन्याच्या व प्लॅटिनमच्या खाणी आहेत, त्या लवकरच मनुष्याच्या हातीं लागतील आणि मग जगांत दारिद्र्य म्हणून उरणार नाहीं, अशा आशयाचा मजकूर गेलीं दहा-पंधरा वर्षें वर्तमानपत्रांतून अधूनमधून झळकत असतो. तो वाचून घरांतील मुलें आनंदतात, वडील माणसें हंसतात आणि कर्तीं माणसें मनांतल्या मनांत म्हणतात कीं, यांत कांहीं तथ्य असेल तर आपण मागें राहूं नये. या तिघांच्याही समजुतींत थोडथोडें खरें आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून या खाणकामाचा जमाखर्च एकदां नीट मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु. त्यास लागणारें गणित त्रैराशिकापलीकडचें नाहीं.

जमेची बाजू

मंगळ आणि गुरु यांच्या कक्षांच्या दरम्यान लहानमोठ्या असंख्य लघुग्रहांचा एक पट्टा आहे. त्यांपैकीं सायकी नांवाचा सुमारें २२० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आनिबाले द गास्पारिस या इटालियन ज्योतिर्विदानें १८५२ सालीं शोधून काढला. त्यांत धातूचा अंश बराच असावा, असा तर्क आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेनें १३ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याच्याकडे एक यान पाठविलें असून तें २०२९ सालीं तेथें पोंचावयाचें आहे. या मोहिमेच्या प्रमुख, विदुषी लिंडी एल्किन्स-टॅंटन, यांनीं एकदां पृथ्वीवरील लोखंडाच्या भावानें सायकीची किंमत काढली, ती एकावर एकोणीस शून्यें इतके डॉलर झाली. भास्कराचार्यांनीं लीलावतींत संख्यास्थानांचीं नांवें परार्धापर्यंत दिलीं आहेत; परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यें. तेव्हां सायकीची किंमत शंभर परार्ध डॉलर ठरली! वर्तमानपत्रांनीं हा आकडा तेवढा उचलला. बाजारांत या आकड्यास अर्थ नाहीं, असें त्याच विदुषींनीं सांगितलें होतें, तें मात्र बहुतेकांनीं गाळलें. तें यानही तेथें कुदळ मारण्यासाठीं चाललेलें नसून, नुसतें भोंवतीं फिरून निरीक्षण करण्यासाठीं चाललें आहे. शिवाय अलीकडील मोजमापांत सायकीची घनता शुद्ध लोखंडाच्या सुमारें निम्मीच भरते. म्हणजे ती निव्वळ धातूची लगड नव्हे, तींत दगडही पुष्कळ आहे.

आकाशांतील धातु वापरण्याची कल्पना मात्र मुळींच नवी नाहीं. १६२१ च्या एप्रिल महिन्यांत पंजाबांत जालंदर परगण्यांत एक उल्का पडली. तिचें १६० तोळे वजनाचें लोखंड बादशहा जहांगीर याच्यापुढें आणण्यांत आलें. तें नुसतें घडाईस टिकेना, म्हणून तीन भाग उल्केचें आणि एक भाग साधें लोखंड एकत्र करून त्याच्या तलवारी, कट्यार व सुरी करविल्याचें बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. त्याच सुमारास त्याच्या फौजा दक्षिणेंत अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याच्याशीं झुंजत होत्या. त्या लोखंडाची सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत आहे.

जहांगीरास हें लोखंड इतकें स्वस्त कां पडलें? वाहतुकीचा खर्च आकाशानें सोसला म्हणून. पण आकाश हा मोठा लहरी गाडीवान आहे. तो माल केव्हां, कोठें व किती टाकील याचा नेम नाहीं. आणि माल मोठा असला तर तो धडपणें हातीं लागतही नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पाहावें. काळ्या दगडांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर ज्वालामुखीचें नसून आकाशांतून आलेल्या पाषाणाच्या आघाताचें आहे, हें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें सिद्ध झालें. खड्डा उरला, पण ज्यानें तो पाडला त्याची मात्र आघातांतच वाफ होऊन गेली. तात्पर्य, आकाशांतला माल खालीं आणावयाचा तर तो हळुवार उतरविणें आलें, आणि हळुवार उतरविणें हेंही फुकट होत नाहीं.

आमच्या जिल्ह्याचा धडा

खाणीची किंमत मालांत नसून वाटेंत असते, हें समजण्यास आकाशांत जाण्याची जरुरी नाहीं. अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर, हा जिल्हा त्यास पुरेसा आहे. हा सारा मुलूख ज्वालामुखीच्या काळ्या कातळावर वसलेला आहे. चंद्रावर आपण ज्यांस डाग म्हणतों तीं विस्तीर्ण मैदानेंही याच जातीच्या कातळाचीं आहेत, ही गोष्ट मुलांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आमच्या या कातळांत तांब्याची खाण नाहीं. तरीही श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं चार भरींव धातुमूर्ति सांपडल्या: बैलजोडीचा रथ व त्यांत उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारींचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक आहे. त्यांच्या नेमक्या कालाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. पण तीं तांबीं बाहेरच्या मुलखांतून आलीं, यांत संशय घेण्याचें कारण नाहीं. संगमनेर तालुक्यांतील जोर्वें गांवींही तांब्याच्या कुऱ्हाडी सांपडल्या. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वींच्या गृहस्थांनीं इतक्या दुरून धातु आणविला, कारण तो वजनाच्या मानानें मोलाचा होता आणि त्याची जागा घेईल असें येथें दुसरें कांहीं नव्हतें.

आतां याच प्रवरेच्या कांठचें दुसरें उदाहरण घेऊं. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें निघालेल्या सहकारी साखर कारखान्याचें गळीत १९५०–५१ च्या हंगामांत सुरू झालें. आज जिल्ह्यांत जागोजाग कारखाने आहेत. ते मुंबईच्या बंदरांत न काढतां उसाच्या फडाजवळ कां काढले? शंभर किलो ऊस गाळला तर दहा-अकरा किलो साखर मिळते. यालाच कारखान्यांत उतारा म्हणतात. बाकीचें सारें पाणी, चिपाड आणि मळी. तें मुंबईपर्यंत ओढीत नेणारा मनुष्य नव्वद किलो ओझ्याचें भाडें फुकट भरील. म्हणून ऊस जागच्या जागीं गाळतात, आणि बाहेर पाठवितात ती साखर.

या दोन उदाहरणांतून एकच नियम निघतो: हलकें आणि मोलाचें असेल तें दुरून आणावें, जड आणि स्वस्त असेल तें जेथें सांपडेल तेथेंच वापरावें. आकाशांतील खाणींस हाच नियम लावून पाहूं.

वाटखर्च

पृथ्वीच्या ओढींतून कायमचें सुटावयाचें तर सेकंदास ११.२ किलोमीटर वेग लागतो. तो वेग इंधन जाळून मिळवावा लागतो, आणि तें इंधन वाहून नेण्यास आणखी इंधन लागतें. आपल्या चांद्रयान-३ चें उदाहरण घ्या. १४ जुलै २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालेल्या अग्निबाणाचें उड्डाणाच्या वेळचें वजन सुमारें ६४० टन होतें. त्यानें आकाशांत सोडलेल्या यानाचें वजन ३,९०० किलो. त्यांतील उतरणारा भाग इंधनासह १,७५२ किलो. आणि २३ ऑगस्ट रोजीं चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत उतरून प्रत्यक्ष जमिनीवर चाललेली गाडी ‘प्रज्ञान’ हिचें वजन २६ किलो. उसाचा उतारा शेंकडा दहा; येथें लाख किलोंस चार किलो! शिवाय हा प्रवास नुसता जाण्याचा आहे. परतीचें भाडें यांत धरलेलें नाहीं. यांत आपल्या शास्त्रज्ञांचा कमीपणा नाहीं. सुमारें ६१५ कोटि रुपयांत त्यांनीं हें काम केलें, याचें जगानें कौतुकच केलें. कमीपणा असला तर तो पृथ्वीच्या ओढीचा आहे.

अमेरिकेंतील एका खाजगी कंपनीनें चंद्रावर माल पोंचविण्याचा दर एका किलोस १२ लाख डॉलर, म्हणजे सुमारें १० कोटि रुपये, असा जाहीर केला होता. म्हणजे येथून नेलेलें एक लिटर पाणी चंद्रावर दहा कोटींस पडेल. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो उपयोगी पडणार आहे.

आतां परतीच्या मालाचा हिशेब. १९६९ ते १९७२ या काळांत चंद्रावर उतरलेल्या सहा अमेरिकन मोहिमांनीं मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. जपानच्या यानानें २०२० सालीं र्‍यूगू या लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम आणलें. अमेरिकेच्या यानानें बेन्नू या लघुग्रहावरून आणलेला नमुना २४ सप्टेंबर २०२३ रोजीं पृथ्वीवर उतरला; तो भरला १२१.६ ग्रॅम, आणि मोहिमेस खर्च आला सुमारें ११६ कोटि डॉलर. त्रैराशिक मांडलें तर एका ग्रॅमास सुमारें ८० कोटि रुपये पडले. २०२४ सालीं प्लॅटिनमचा भाव ग्रॅमास अडीच हजार रुपयांच्या आसपास होता. म्हणजे ती धूळ सबंध प्लॅटिनमची असती तरीही तिचा वाटखर्च तिच्या किंमतीच्या तीन लाख पट झाला असता.

येथें कोणी म्हणेल कीं, त्या मोहिमा ज्ञानासाठीं होत्या, त्यांस व्यापाराचा गज लावणें अन्यायाचें आहे. आम्हांस हें मान्य आहे. शितावरून भाताची परीक्षा हा स्थालीपुलाकन्याय प्रसिद्ध आहे, आणि त्या १२१ ग्रॅमांनीं तेंच काम केलें. परंतु शीत आणण्याचा खर्च ठाऊक झाल्यावर पातेलें आणण्याचा अंदाज करण्यास हरकत नसावी.

बरें, वाट संपली तरी खणणें सोपें नाहीं. पृथ्वीवर कुदळ मारतांना आपण जमिनीस चिकटलेले असतों. बेन्नूसारख्या चिमुकल्या गोलावर ओढ इतकी थोडी कीं, घाव घालणाराच उलट दिशेस उडून जाईल. त्या यानाचा हात बेन्नूस टेकला तेव्हां तो घट्ट जमिनीस लागण्याऐवजीं सैल खड्यांच्या राशींत सुमारें अर्धा मीटर रुतला. पेटीच्या झांकणांत खडे अडकल्यानें गोळा केलेला कांहीं भाग सांडलाही. शिवाय तेथें धातु कांहीं विटांप्रमाणें रचून ठेवलेला नाहीं. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत एक टन दगडांत प्लॅटिनम व त्याच्या जातीचे धातु मिळून तीन ते सहा ग्रॅम निघतात. लोहमय उल्कांत प्लॅटिनम टनास कांहीं ग्रॅमांपासून कांहीं दहा ग्रॅमांपर्यंत आढळतें. दहापट समृद्धि धरली तरी, आफ्रिकेच्या खाणीस हवा, पाणी, वीज, रस्ता आणि मोडलेलें यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री हीं सारीं जवळ असतात.

भाव कोसळण्याचें भय

समजा, दैवयोगानें हे सारे अडथळे पार पडले आणि धातूचे डोंगर येऊन पडले. मग शंभर परार्ध डॉलर कोण देणार? वस्तूची किंमत तिच्या दुर्मिळतेवर असते. घरांतील अल्युमिनियमच्या पातेल्याकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा धातु चांदीहून महाग होता. १८८४ सालीं वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोंकास मानाचा म्हणून अल्युमिनियमचा कळस बसविला. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्सांत एरू यांनीं विजेच्या साहाय्यानें तो स्वस्तांत काढण्याची युक्ति शोधली, आणि कळसाचा धातु चुलीवर येऊन बसला. जगाचें त्यांत कल्याण झालें, हें खरें. परंतु जुन्या भावानें श्रीमंतीचे मनोरे रचणाराचें दिवाळें निघालें असतें. आकाशांतील धातूंचे मनोरे असेच जुन्या भावानें रचलेले आहेत.

हें केवळ तर्कशास्त्र नव्हे. २०१२ सालीं प्लॅनेटरी रिसोर्सेस नांवाची कंपनी मोठा गाजावाजा करून पुढें आली. तिच्या पाठीशीं जगांतील नामांकित धनिक होते. २०१८ सालीं पैसा आटला आणि खाणकामाशीं संबंध नसलेल्या एका कंपनीनें ती विकत घेतली. २०१३ सालीं निघालेली डीप स्पेस इंडस्ट्रीज ही दुसरी कंपनीही २०१९ च्या आरंभीं विकली गेली. २०२५ च्या फेब्रुवारींत अ‍ॅस्ट्रोफोर्ज या तिसऱ्या कंपनीनें लघुग्रहाकडे एक लहान यान सोडलें. त्याच्याशीं संपर्क लवकरच तुटला. धनिकांस अशी बूड सोसते. मुलींच्या शिक्षणासाठीं आणि म्हातारपणासाठीं पैसा राखणाऱ्या कुटुंबास ती सोसत नाहीं.

मग खरी खाण कोणती?

आतांपर्यंतचा मजकूर वाचून कोणी या उद्योगास आकाशपुष्प म्हणून निकालांत काढील, तर तेंही चुकीचें होईल. आपला नियम पुन्हां आठवा: जड आणि स्वस्त असेल तें जेथें सांपडेल तेथेंच वापरावें. चंद्रावर असें जड आणि स्वस्त काय आहे? पाणी.

२२ ऑक्टोबर २००८ रोजीं निघालेल्या आपल्या चांद्रयान-१ वर नासाचें एक उपकरण होतें. चंद्राच्या मातींत पाण्याच्या खुणा असल्याचें त्यानें दाखविलें. पुढें ९ ऑक्टोबर २००९ रोजीं अमेरिकेनें दक्षिण ध्रुवाजवळच्या, सूर्यकिरण कधींच न पोंचणाऱ्या एका विवरांत अग्निबाणाचा रिकामा भाग आदळविला. उडालेल्या धुळींत शंभर भागांस पांच-साडेपांच भाग पाणी असल्याचा अंदाज निघाला. हा उतारा उसाच्या निम्मा झाला! येथून नेलेलें पाणी लिटरास दहा कोटि पडत असेल, तर तेथील बर्फ वितळवून तें पांच कोटींस पडलें तरी नफाच. शिवाय पाणी विजेनें फोडलें कीं प्राणवायु व हायड्रोजन मिळतात. प्राणवायु श्वासास लागतो, आणि हे दोन्ही वायु द्रवरूपांत अग्निबाणाचें इंधन होतात. चांद्रयान-३ च्या अग्निबाणाचा वरचा टप्पा याच इंधनावर चालला होता. चंद्राची ओढ सोडण्यास सेकंदास केवळ २.४ किलोमीटर वेग पुरतो. तेव्हां दूरच्या प्रवासाचें इंधन पृथ्वीवरून ओढण्यापेक्षां चंद्रावर काढणें पुढेंमागें किफायतीचें ठरेल. फडाजवळ कारखाना काढण्याचीच ही युक्ति.

तिची लहानशी परीक्षाही झाली आहे. मंगळावर उतरलेल्या अमेरिकन गाडीवरील एका यंत्रानें २०२१ ते २०२३ या काळांत तेथील हवेपासून सोळा वेळां मिळून १२२ ग्रॅम प्राणवायु काढला. प्रमाण हास्यास्पद वाटेल. पण परक्या ग्रहावर चाललेलें मनुष्याचें हें पहिलें गुऱ्हाळ होय. वाटखर्चही उतरत आहे. अमेरिकेच्या जुन्या अवकाशविमानानें पृथ्वीभोंवतालच्या कक्षेंत एक किलो माल नेण्यास पन्नास हजारांहून अधिक डॉलर पडत. पुन्हां पुन्हां वापरतां येणाऱ्या अग्निबाणांनीं हा दर अडीच-तीन हजारांपर्यंत आणला. तरीही बर्फाची ती विवरें शून्याखालीं दोनशें अंशांहून अधिक थंड आहेत, आणि तेथें एक लिटरही पाणी अद्याप कोणीं काढलेलें नाहीं, हें विसरूं नये.

मालकीचा प्रश्नही सुटलेला नाहीं. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानें चंद्र वा कोणताही गोल कोणत्याही राष्ट्रास आपला म्हणतां येत नाहीं. अमेरिकेनें २०१५ सालीं व लक्झेंबर्गनें २०१७ सालीं कायदे करून, काढलेला माल काढणाराचा, असें ठरविलें. गायरान कोणाचेंच नाहीं, पण कापलेला भारा कापणाराचा, असाच हा न्याय. चंद्रावरील संपत्ति सर्व मानवजातीची मानणाऱ्या १९७९ च्या करारावर भारतानें १९८२ सालीं सही केली, परंतु तो अंतिमतः मान्य केला नाहीं; आणि २०२३ च्या जूनमध्यें अमेरिकेच्या पुढाकाराच्या आर्टेमिस करारांत भारत सामील झाला. गायरानावर सर्वांचीं गुरें जातात तोंवरच तें गायरान. बलवंतांनीं कुंपण घातल्यावर त्याचें काय होतें, हें आमच्या खेड्यांस सांगावयास नको.

टँकर आणि चंद्र

शेवटीं एका आक्षेपाचें उत्तर देणें प्राप्त आहे. पाथर्डी, पारनेर, कर्जत, जामखेड या तालुक्यांत अवर्षणाच्या वर्षीं गांवोगांव टँकर फिरतो. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. अशा प्रांतानें चंद्रावरील पाण्याची उठाठेव कां करावी? प्रश्न कडू असला तरी योग्य आहे. परंतु याचें उत्तर आकाशाकडे पाठ फिरविणें हें नव्हे. ज्या संस्थेनें चंद्रावर यान उतरविलें, तिच्याच उपग्रहांच्या चित्रांवरून भूगर्भांतील पाणी कोठें लागण्याचा संभव आहे याचे नकाशे पेयजल योजनेसाठीं तयार झाले. आणि टँकरचा धडा तर चंद्राच्याच धड्यासारखा आहे: पाणी महाग नसतें, पाण्याची वाट महाग असते. हिवरे बाजार व राळेगणसिद्धी या आमच्याच जिल्ह्यांतील गांवांनीं तो ओळखला. त्यांनीं पाणी दुरून आणण्याऐवजीं आपल्या शिवारांत पडलेला पाऊस बांधबंदिस्तीनें जागच्या जागीं अडविला.

तेव्हां घरांतील कर्त्या माणसांस आमचें सांगणें असें: आकाशांतील खाणीचे भाग विकण्यास कोणी आला, तर त्यास तीन प्रश्न विचारावे. उतारा किती? वाटखर्च किती? गिऱ्हाईक कोण? तिन्हींचीं उत्तरें आंकड्यांत मिळेपर्यंत पेटीचें कुलूप उघडूं नये. परंतु घरांतील एखाद्या मुलीनें वा मुलानें खनिजविद्या किंवा अवकाशशास्त्र शिकण्याची इच्छा धरली, तर तिला मात्र आडकाठी करूं नये. चंद्रावरील नमुने आणण्याच्या चांद्रयान-४ मोहिमेस सरकारनें २०२४ च्या सप्टेंबरांत २,१०४ कोटि रुपये मंजूर केले आहेत. ते नमुने पारखण्यास जाणतीं माणसें लागतील. पैसा गुंतविण्यास ही खाण अजून कच्ची आहे. विद्या गुंतविण्यास ती आजच पिकलेली आहे.